सरळ केलेले आकडे

वाशिंद,
५ ऑगस्ट २०२४

आदरणीय भागीरथी मावशींना नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. मी स्नेहल. ओमकार मुंबईत ज्या प्रयोगशाळेत संशोधन करत होता तिथेच मी काम करते, त्याच्याहून दोन वर्षं पुढे. दहाव्याला आमच्या लॅबमधली सगळी मंडळी तुमच्याकडे आली होती. मला ताप होता म्हणून जमलं नाही. तीन महिने झाले, आणि आता लिहायला बसले तर सांत्वनाचं एकही वाक्य खरं वाटत नाही, म्हणून ते लिहीत नाही.

तुमचा फोन कितीदा तरी लावला. वाजतो आणि थांबतो. शेवटी लॅबच्या कागदपत्रांतून पत्ता काढून हे पत्र टाकते आहे.

एक विनंती आहे. ओमकारकडे निळ्या पुठ्ठ्याची एक जाड वही होती. प्रयोगाचे आकडे एरवी कॉम्प्युटरवर साठतात, पण त्या आठवड्यात तो बिघडला होता आणि ओमकार यंत्राच्या पडद्यावरचे आकडे हाताने वहीत टिपत होता. ४ मेला, शनिवारी, तो लवकर घरी निघाला तेव्हा वही त्याच्या बॅगेत होती. त्याचं काम पुरं करून त्याच्या नावाने छापायचं तर ती वही लागेल. काम झालं की मी स्वतः परत पाठवीन.

काकांना नमस्कार सांगा.

तुमची,
स्नेहल

*

मोहवाडी, धसईजवळ, ता. मुरबाड,
१९ ऑगस्ट २०२४

स्नेहल मॅडम यांना भागीरथीचा नमस्कार.

पत्र मिळालं. फोन मी उचलत नाही. चार मेला संध्याकाळी वाजला तेव्हा उचलला होता, तेवढा पुरे झाला. कागदावर मात्र मला बोलता येतं.

वही आहे. पण देणार नाही. तुम्ही लोकांनी त्याचं टेबल रिकामं करून खोकं पाठवलंत. त्यात मोज्यांचा जोड, चहाचा मग आणि अर्धा बिस्किटांचा पुडा होता. बिस्किटं मी अजून डब्यात ठेवली आहेत, मऊ पडली. एवढं सगळं तुम्ही परत केलंत आणि आता जे एक आमच्याकडे आलं तेही मागता?

रागावू नका. मी अंगणवाडी सेविका आहे, बावीस वर्षं झाली. रोज लोकांशी भांडूनच माझी कामं होतात, त्यामुळे लिहिण्यातही तोच आवाज लागतो.

तुमच्या लॅबच्या त्या अंधाऱ्या खोलीत तो करायचा काय, हे मला कधीच नीट कळलं नाही. विचारलं की म्हणायचा, “आई, तू पोरं रांगेत उभी करतेस ना? मी रेणू करतो.” मला वाटायचं थट्टाच करतोय. माझी पोरं तर मी बघत असेपर्यंतच रांगेत असतात. मान वळवली की एक नळाकडे, एक कोंबडीच्या मागे. तुम्ही मला सांगाल का तो काय करायचा? मला अडाणी समजून सांगू नका आणि शास्त्रज्ञ समजूनही सांगू नका.

ह्यांनी, म्हणजे ओमकारच्या बाबांनी, मे महिन्यापासून त्याचं नाव उच्चारलेलं नाही. तुमचं पत्र वाचून दाखवलं तेव्हा उठून गोठ्यात गेले.

भागीरथी देवजी

*

वाशिंद,
२७ ऑगस्ट २०२४

आदरणीय मावशी,

मला मॅडम म्हणू नका, लाजल्यासारखं होतं. ओमकारने थट्टा केली नव्हती. त्याने तुम्हाला अगदी बरोबर सांगितलं होतं.

कुठलाही वायू म्हणजे असंख्य रेणू. प्रत्येकाला आकार असतो, कुणी लांबट, कुणी चपटा, आणि सगळे भिरभिरत असतात. अशा भिरभिरणाऱ्यांचा नेमका आकार बघता येत नाही. तुमची मुलं पळत असताना वर्गाचा फोटो काढता येत नाही तसंच. म्हणून आम्ही एका पोलादी भांड्यातली सगळी हवा काढून टाकतो आणि बारीक भोकातून त्यात थोडा वायू सोडतो. पसरता पसरता तो भयंकर गार होतो आणि रेणूंची भिरभिर मंदावते. मग त्यांच्यावर लेसरचा एक झोत सोडायचा. फार प्रखर, आणि इतका आखूड की ‘किती आखूड’ हे सांगायला आपल्याकडे रोजचा शब्दच नाही. त्या झोताच्या ओढीने रेणू वळतात आणि एका दिशेला तोंड करून उभे राहतात. पडद्यावर एक आकडा येतो. पन्नास म्हणजे सगळे विस्कटलेले. आकडा जितका वर, तितकी रांग सरळ.

झोत गेला की रांग मोडते, तुमची मान वळल्यावर मोडते तशीच. पण पुढची गोष्ट तुमच्या मुलांत होत नसेल. झोताने रेणूंना फिरण्याची एक लय लावून दिलेली असते. ती लय राहते. म्हणून ठरलेल्या वेळाने, समोर काहीही उजेड नसताना, ते सगळे आपणहून क्षणभर पुन्हा रांगेत येतात आणि पुन्हा पांगतात. साध्या आकाराच्या रेणूंत हे होतं, सगळ्यांना ठाऊक आहे. ओमकारने घेतलेला रेणू वेडावाकडा. त्यात इतक्या उशिरा रांग परत येत नाही, असं सगळे मानतात. ओमकार मानत नव्हता.

तो शोधत होता ती वेळ. सेकंदाचे लाख कोटी तुकडे केले तर त्यातल्या कितव्या तुकड्याला रांग परत लागते, एवढंच. ती वेळ वहीत असली तर असेल. एकेक तुकडा तपासत गेलं तर महिने लागतील, आणि त्या पदार्थाची एकच कुपी उरली आहे. फार तर दोन दिवस पुरेल. पुन्हा कुणी ती करून देणार नाही. म्हणून वही मागितली, मावशी. तुमच्याकडून काही हिसकावून घ्यायचं नव्हतं.

तुमची,
स्नेहल

*

मोहवाडी,
११ सप्टेंबर २०२४

चि. स्नेहल हिस आशीर्वाद.

तू नको म्हणालीस म्हणून मॅडम सोडलं, आणि एकदा सोडलं की मी थेट अगं-तुगंवर येते. चालवून घे.

पत्र चार वेळा वाचलं. तिसऱ्या वेळी कळलं, चौथ्या वेळी रडू आलं. माझा पोरगा काहीतरी शोधत होता आणि मी दर शनिवारी त्याला विचारायचे, “जेवतोस का रे नीट?” दुसरं कधी काही विचारलंच नाही.

सोबत वही पाठवते. त्याची निळी वही मळली होती, पानं चिकटली होती, अक्षर तर तुला ठाऊकच आहे. म्हणून मी ती पूर्ण माझ्या रजिस्टरात उतरवून काढली आहे. एकेचाळीस पानं. कुणी म्हणायला नको की भागीरथीच्या पोराने गिचमीड करून ठेवली. खाकी कव्हर घातलं आहे, भिजणार नाही.

एक विचारते, राग मानू नको. तो दोन वर्षं तुझं नाव घ्यायचा. “स्नेहल म्हणते असं नाय, स्नेहल म्हणते तसं नाय.” तुझं म्हणणं सांगून झालं की तांब्याभर पाणी प्यायचा. मी एकदा हसले तर ताटावरून उठला. तुमचं काही ठरलं होतं का गो? असेल तर मला कळू दे. आमच्या दुःखाला एक माणूस वाढेल, एवढंच.

तुझी मावशी

*

वाशिंद,
२४ सप्टेंबर २०२४

आदरणीय मावशी,

रजिस्टर मिळालं. तुमचं अक्षर छापल्यासारखं आहे. मी तीन दिवस तेच घेऊन बसले आहे.

मावशी, त्यात काही नाही. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळे आकडे पन्नासच्या आसपास आहेत. पन्नास, एकावन्न, पन्नास, एकोणपन्नास. रांग कुठेच लागलेली नाही.

आता तुम्हाला खरं सांगितलंच पाहिजे. दहाव्याला मला ताप नव्हता. मी घरातून निघाले होते, मुरबाडच्या एसटी स्टँडपर्यंत आले होते आणि तिथून परत फिरले.

त्या शनिवारी ओमकार घरी येणार नव्हता. रात्रभर आणि सकाळभर लेसरवर बसून तो दुपारी माझ्याकडे आला. डोळे लाल झालेले. म्हणाला, “साठच्या वर गेला गं आकडा. बघ ना.” वही माझ्यापुढे धरली. मी ती हातातही घेतली नाही. त्याच्या आदल्या महिन्यात त्याने असंच एकदा मला बोलावलं होतं आणि ती लेसरचा झोत वळवणाऱ्या आरशाची चूक निघाली होती. मी म्हटलं, “पुन्हा आरसा हलला असेल. तुला झोप नाही म्हणून आकडे दिसतात. घरी जा, आईच्या हातचं जेव, सोमवारी माणसासारखा ये.” सगळ्यांसमोर म्हटलं. दोघं-तिघं हसले. तो वही बॅगेत टाकून निघाला. कल्याण स्टेशनवर लावलेली मोटरसायकल घेतली असेल, आणि त्या अवस्थेत मुरबाडच्या रस्त्याला लागला असेल. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

मी वही मागितली ती त्याच्या कामासाठी, हे खरं आहे. पण त्याहून जास्त मला हे बघायचं होतं की तो बरोबर होता की मी. आता रजिस्टर सांगतंय की मी बरोबर होते. मावशी, आयुष्यात पहिल्यांदा मला बरोबर असायचं नव्हतं.

उतरवताना काही सुटलं असेल का? मूळ वही एकदा पाहायला मिळेल का?

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर: नाही, काही ठरलं नव्हतं. ठरलं असतं का, ते मला माहीत नाही. तो पाणी प्यायचा हे मला तुमच्या पत्रातून कळलं.

स्नेहल

*

वाशिंद,
२० नोव्हेंबर २०२४

आदरणीय मावशी,

दोन महिने तुमचं उत्तर नाही. मी तुमच्या जागी असते तर मीही लिहिलं नसतं.

फक्त कळवायला लिहिते. १४ आणि १५ डिसेंबरला मला लेसरची पाळी मिळाली आहे. कुपी त्याच दोन दिवसांत उघडायची. नंतर ते पोलादी भांडं दुसऱ्या कामाला जाणार. वेळ ठाऊक नाही, तरी मी कुठूनतरी सुरुवात करणार आहे. त्याच्यासाठी एवढं तरी करते.

स्नेहल

*

मोहवाडी,
२ डिसेंबर २०२४

स्नेहल,

तुझ्या सप्टेंबरच्या पत्रानंतर मी तुझ्यावर इतकी चिडले होते की ते पत्र चुलीत घालायला उठले होते. ह्यांनी माझ्या हातातून घेतलं. तेव्हा पहिल्यांदा बोलले. “त्यातही त्याचंच नाव हाय,” म्हणाले.

तू माझ्या पोराला हसलीस. झोप नसलेल्या पोराला रस्त्यावर घातलंस. हे मी लिहिणारच, कारण मनात ठेवलं तर सडेल. आता पुढचं वाच. ते तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी लिहिते आहे.

वही आहे असं मी लिहिलं होतं, पण ती नाही. वही काळू नदीत गेली.

पोलिसांनी चौथ्या दिवशी बॅग दिली. वहीच्या कडांना त्याचं रक्त होतं. भावकीतले जाणते म्हणाले, “अपघाताची वस्तू घरात ठेवायची नाय. दहाव्याला सगळं नदीत सोडायचं.” कपडे दिले, बूट दिले, बॅग दिली. वही मागून घेतली. म्हटलं, मला चार दिवस द्या. सुतकात बसलेली आई भिंतीकडे तोंड करून रजिस्टर लिहिते आहे, हे बघून बाया कुजबुजायच्या की हिचं डोकं फिरलं. मला अर्थ कळत नव्हता, पण त्याचा हात जिथे जिथे फिरला होता तिथे तिथे माझा फिरत होता. तेवढे चार दिवस बरे गेले.

तेविसाव्या पानापर्यंत मी एक आकडा इकडचा तिकडे केला नाही. चोविसाव्या पानावर पन्नास, एकावन्न, पन्नास चाललं होतं आणि एकदम वर गेलं. चार ओळी वरच, मग पुन्हा पन्नास. त्याने बाजूला मोठं वर्तुळ करून प्रश्नचिन्ह काढलं होतं. मला वाटलं, त्यालाच ती चूक वाटली.

आमचं काम कसं चालतं ते तुला सांगते. दर महिन्याला पोरांची वजनं घ्यायची. आता मोबाईलमध्ये भरतात, पण मी आधी रजिस्टरात लिहिते. पोर महिन्याला दोन-अडीचशे ग्रॅम वाढतं. एखाद्याचं एकदम दोन किलो वाढलेलं दिसलं तर समजायचं की काटा चुकला, नाहीतर पोराने मुठीत दगड धरला होता. असा आकडा मी शाईने लिहीत नाही. आजूबाजूला शोभेल असा लिहिते, म्हणजे वरून कुणी बोट ठेवत नाही. मला हे कुणी शिकवलं नाही, बावीस वर्षांत आपोआप हात तसा वळला.

गेलेल्या पोराची चूक जगाला कशाला दाखवायची? मी ते चार आकडे सरळ केले, गो पोरी. पन्नास, एकावन्न, एकावन्न, पन्नास. मग वही नदीत सोडली. तुझं ऑगस्टचं पत्र आलं तेव्हा मला त्या चार ओळी आठवल्या. तरीही सांगितलं नाही. वाटलं, ते आकडे नसतील, दुसरे असतील. तू म्हणालीस त्यात काही नाही, तेव्हा कळलं की तेच होते.

तू त्याचा आकडा बघितला नाहीस. मी बघितला आणि पुसला.

एक सवय मात्र अजून आहे. सरळ केलेल्या वजनाचा खरा आकडा मी मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहून ठेवते आणि वरून कव्हर चढवते. कुणी विचारलंच तर हाताशी असावा म्हणून. तुझ्याकडच्या रजिस्टराचं खाकी कव्हर काढ. मागचा पुठ्ठा बघ. उजेडात धर, पेन्सिल फिकी आहे.

भागीरथी

*

वाशिंद,
२२ डिसेंबर २०२४

आदरणीय मावशी,

तुमचं पत्र हातात घेऊनच मी कव्हर फाडलं. पुठ्ठ्यावर चार ओळी होत्या. पान चोवीस. आधी कितवा तुकडा, मग आकडा. तीनशे सत्त्याऐंशी, अठ्ठावन्न. तीनशे अठ्ठ्याऐंशी, त्रेसष्ट. तीनशे एकोणनव्वद, एकसष्ट. तीनशे नव्वद, पंचावन्न. अडीच महिने ते रजिस्टर माझ्या टेबलावर होतं.

चौदा तारखेला मी सरळ तीनशे ऐंशीपासून सुरुवात केली. आरसे स्वतः तपासले, दोनदा, कारण मीच त्याला आरशावरून बोलले होते. तीनशे पंच्याऐंशीला पन्नास आला. शहाऐंशीला एकावन्न. सत्त्याऐंशीला सत्तावन्न. आणि अठ्ठ्याऐंशीला बासष्ट.

मी आकडा बघत उभी राहिले. समोर झोत नव्हता, तो केव्हाच जाऊन संपला होता, आणि भांड्यातले ते सगळे वेडेवाकडे जीव क्षणभर एका दिशेला तोंड करून उभे होते. ओमकारने रात्रभर जागून हेच बघितलं होतं. मग मला धावत येऊन सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सहा वेळा मोजलं. सहाही वेळा आला. मग कुपी संपली.

छापताना पहिलं नाव त्याचं असेल. आमच्या सरांनी ते मान्य केलं आहे. पण त्याचे स्वतःचे चार आकडे आत घेता येणार नाहीत. मूळ वही नाही, आणि पुठ्ठ्यावरची पेन्सिल पुरावा म्हणून चालत नाही. आत माझे आकडे जातील. त्याचे त्रेसष्ट होते, माझे बासष्ट. त्याने माझ्यापेक्षा चांगले आरसे लावले होते.

तो बरोबर होता, मावशी. हे मला त्यालाच सांगायचं आहे, दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही. मी सकाळी लॅबमध्ये शिरते तेव्हा अजून त्याच्या खुर्चीकडे बघून तोंड उघडते.

मी तुमच्याकडे येऊ का? या खेपेला मुरबाडहून परत फिरणार नाही.

स्नेहल

*

मोहवाडी,
४ जानेवारी २०२५, शनिवार

चि. स्नेहल हिस आशीर्वाद.

तुझं पत्र मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. बासष्ट आला, तिथे त्यांनी हात वर करून थांबवलं. म्हणाले, “म्हंजे आपला ओमकार खोटा नव्हता.” त्याचं नाव घेतलं. मग बराच वेळ रडले. मे महिन्यापासूनचं सगळं.

मी तुला माफ केलं असं लिहीत नाही. तसं लिहिलं तर माझंही काय ते ठरवावं लागेल, आणि तेवढं बळ अजून आलेलं नाही. पण तुझ्यावर राग उरलेला नाही, हे खरं आहे.

परवा वजनं घेतली. जनी म्हणून एक पोर आहे, तिचं महिन्यात सव्वा किलो वाढलेलं आलं. मुठी उघडून बघितल्या, रिकाम्या होत्या. दुसऱ्या काट्यावर घेतलं, तेच आलं. पोर मामाकडे राहून आली होती, खाऊनपिऊन. मी ते शाईने लिहिलं. वरून फोन आला तर आला.

तुझ्या त्या रेणूंची गोष्ट आता तुला आमच्याकडची सांगते. ओमकार दर शनिवारी साडेसहाला यायचा. त्याची मोटरसायकल वळणावर दिसायच्या आधीच हे गोठ्यातून बाहेर यायचे, मी चुलीपासून उठायचे, शेजारची बाईजा आत्या तिच्या ओट्यावर यायची. चार मेच्या आदल्या दिवशी त्याने फोन करून सांगितलं होतं की या शनिवारी येत नाही. म्हणून त्या एका शनिवारी आम्ही कुणी बाहेर आलो नव्हतो. तो रस्त्यावर होता आणि त्याची वाट बघणारं कुणी नव्हतं. हे मी आजवर कुणाला बोलले नाही.

तेव्हापासून काय होतं ते ऐक. शनिवारी साडेसहा वाजले की हे गोठ्यातून येतात, मी चुलीपासून उठते, आत्या ओट्यावर येते. कुणी कुणाला हाक मारत नाही. तिघं वळणाकडे तोंड करून उभे राहतो. मग गाय हंबरते, नाहीतर भात करपल्याचा वास येतो, आणि आम्ही आपापल्या कामाला लागतो. मला वाटायचं आम्हाला वेड लागलं आहे. तुझ्या पत्राने कळलं की असं होत असतं.

तू ये. खुशाल ये, राहायला ये, त्याच्या खोलीत झोप. फक्त शनिवारी येणार असशील तर साडेसहाच्या आत घरात पोहोच. त्या वेळेला वळणावर कुणी येताना दिसलं, तर आमचा जीव क्षणभर भलतंच समजेल.

तुझी,
भागीरथी मावशी